मूर मंदी

शहापुरात, साड्यांच्या दुकानावरच्या माडीवर
कावेरी होसमनीचं ट्रॅव्हल ऑफिस.
पाटी वर कन्नडात, खाली इंग्रजीत,
आणि जिन्यात कुणीतरी खडूनं मराठीत: चपला बाहेर.

आम्ही तिघं. मी, मालन, रवळू.
उद्यमबागच्या फाउंड्रीत अडतीस वर्षं मी
वाळूचे साचे भरले. ती वाळू काळी, तेलकट,
नखांतून अजून गेलेली नाही.
ग्रॅच्युइटी आली तेव्हा मालन म्हणाली,
पांढरी वाळू बघूया की एकदा.
अणशीचा घाट उतरला की कारवार,
एका दिवसाची वाट, आणि आपण कधी गेलो नाही.

कावेरीनं दोन पत्रकं पुढं सरकवली, एक निळं, एक तांबूस.
"दोन्हीत सगळं आत री, काका. खाणं, पिणं, नाव, छत्री.
मनगटाला पट्टा बांधतात, मग पाकीट काढायचंच नाही.
हे फॅमिलीचं. पोरांना खेळ, घसरगुंडी, जादूगार.
हे फक्त मोठ्यांचं. अठराच्या वर. शांत असतंय."

रवळू तेहतीस वर्षांचा.
काउंटरवरचं पितळी विमान त्यानं केव्हाच
मालनच्या मांडीवर उतरवलं होतं.

मालन म्हणाली, निळं.
"पोरं त्याला काही विचारत नाहीत.
बॉल टाकतात, हा झेलतो."
खरं आहे. गल्लीतली पोरं सात-आठ वर्षांची होईस्तोवर
त्याची दोस्त. मग एका उन्हाळ्यात त्यांना काहीतरी कळतं
आणि ती सायकलवरून हात हलवत पुढं जातात.
किती तुकड्या गेल्या अशा.
रवळू त्याच पायरीवर, जुन्या मास्तरासारखा.

मी म्हणालो, तांबूस.
का, ते नीट सांगता आलं नाही.
आठवड्यातून दोनदा मी त्याची दाढी करतो.
हनुवटीखाली दोन केस पिकलेत. मालनला बोललो नाही.
वाटलं, एकदा तरी कुणी कागदावर
त्याला मोठा म्हणावं,
आणि पैसेही त्याच हिशेबानं घ्यावेत.

"तिथं हसलेलं चालतंय काय?" मालननं विचारलं.
"म्हंजे मोठ्यानं. हा रात्रीचा पण हसतो."
कावेरी पत्रक उलटून बघू लागली,
जणू ते बारीक अक्षरांत कुठंतरी असेल.

मग म्हणाली, फॅमिली रूम म्हंजे दोन मोठी, दोन लहान.
तीन मोठी सिस्टीम घेत नाही.

रकान्यात न बसणं आम्हाला नवं नाही.
ह्या भागात अर्ज भरताना माणूस
पेन जरा वर धरूनच ठेवतो.
पण तो रकाना भाषेचा. हा निराळा.

तिनं फोन लावला. भरभर कन्नड.
माझं कन्नड फाउंड्रीतलं: भट्टी, पाळी, पगार, रजा.
त्यातून एवढंच हाती लागलं,
"मूर मंदी री."
तीन माणसं. मंदी आमच्याकडंही म्हणतात,
कुणी कुणाचा शब्द उचलला कोण जाणे.
पलीकडून काहीतरी लांबलचक.
ती पुन्हा, आवाज चढवून,
"इल्ल री. मूर मंदी. अष्ट."
तेवढंच. बस.

ठरलं निळं. पैसे तीन मोठ्यांचे.
मी मोजून दिले, मुद्दाम सावकाश.

येताना खडेबाजारात मालननं लाल बादली घेतली,
प्लास्टिकची, फावड्यासकट.
"आल्यावर तांदूळ धुवायला होईल की," म्हणाली,
कुणी विचारलं नव्हतं तरी.

रात्री बॅग भरताना त्या बादलीत
मी रवळूचं रेझर ठेवलं,
नवं पातं घालून, रुमालात गुंडाळून.